खुन्नसचं कपाट

ती. मोठ्या भाऊजींना,

शिरसाष्टांग नमस्कार (मनापासूनचा आहे, पुढचं वाचून परत पाठवू नका).

तुमचा गुडघा कसा आहे? जाऊबाईंची साखर उतरली का? इथे मी ठीक. ह्यांना जाऊन अकरा महिने झाले, तरी चहा दोन कपांचाच टाकते आणि दुसराही मीच पिते. तेवढं पित्त सोडलं तर तब्येत उत्तम. आता आधी बसून घ्या, कारण माझ्या हातून तुमचं चारचौघांत तोंड काळं व्हायची वेळ आली आहे. चारचौघांत कसलं, वर्गणीदार धरून नऊ हजारांत.

ह्यांचा खुन्नस तुम्ही कधी वाचला नाहीत (चित्रांची पुस्तकं पोरंटोरं वाचतात, असं तुम्ही आमच्या लग्नातच ऐकवलं होतं), म्हणून थोडक्यात सांगते. खुन्नस काळा मुखवटा घालतो, पोलिसांच्या आधी पोचतो, गुंडांची हाडं मोडतो आणि मग गच्चीवर एकटाच बसून स्वतःवर चिडतो. चांगला म्हणावं तर अंगावर काटा येतो, वाईट म्हणावं तर जीव तुटतो. अठ्ठावीस वर्षं चित्रं हे काढायचे आणि बोलण्याच्या फुग्यांतली अक्षरं मी भरायची. (माझी शाळा चौथीत सुटली. नीट वाचायला मी ह्या फुग्यांवरूनच शिकले, त्यामुळे कितीतरी दिवस मला वाटायचं की प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतंच. माझी जुनी पत्रं आठवा. “आम्ही खुशाल आहोत!” मी ओरडत नव्हते, भाऊजी.)

तर गेल्या सोमवारी मासिकाच्या ऑफिसात बोलावणं आलं. खुन्नसचा शेवटचा अंक काढायचा आहे आणि हा माणूस असा का झाला, ते वाचकांना हवं आहे. संपादकबाईंनी बालपण रचूनही ठेवलं होतं. बाप दरोडेखोर, आईला गुंडांनी पळवलेलं. मी म्हटलं, बाई, खुन्नस म्हणजे आमचे हेच. त्याचा झगा म्हणजे ह्यांचा रेनकोट आणि लंगडणं ह्यांच्या टाचेचं. आणि त्या घरची मी सून आहे. सासरे पाणीखात्यात कारकून होते, सासूबाई ब्याऐंशीव्या वर्षी दुपारच्या झोपेत गेल्या. त्यांना पळवणाऱ्याचीच कंबर मोडली असती.

“मग दुसरं काहीतरी दुःख द्या ना, काकू,” त्या म्हणाल्या. दुःख माझ्याकडे होतं, पण ते त्यांच्या कामाचं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, खुन्नस दोनशे अंकांत एकही दार लावत नाही, ते का? मला हसूच आलं. हे न्हाणीघराचंसुद्धा लावत नसत (पाहुणे असले की मी बाहेर राखणीला). आणि हसता हसता मी बोलून गेले, की सहा वर्षांचे असताना मोठ्या भावाने ह्यांना कपाटात कोंडलं होतं, अख्खी दुपार. मग नव्या चित्रकाराने टेबलावर हात आपटला, “मिळालं!”

काल पानं आली. भाऊजी, त्यात तुम्ही आहात. चित्रकाराला ह्यांच्या फायलीत तुमचा आत्ताचा चेहरा सापडला आणि त्याने तो जसाच्या तसा उचलला. वय नऊ, अर्धी चड्डी, नाकावर तीळ आणि पूर्ण टक्कल. कपाटाला कडी लावून तुम्ही “हा हा हा” हसता. तो फुगा मीच भरायचा आहे. दोनदा पेन उचललं, दोनदा खाली ठेवलं. पुढच्या शुक्रवारी छपाई.

तोंडाला कुलूप हवं होतं ते माझ्या. क्षमा करा.

तुमची भावजय

ता. क. टकलाचं जाऊबाईंना सांगितलंत तरी चालेल. हसण्याने साखर वाढत नाही.

आणखी ता. क. खरं तर ह्यासाठीच लिहायला बसले होते. ह्यांना पोचवून आल्यावर तुम्ही आमच्या दारातच उभे राहिलात. “मी त्याला कोंडलं होतं,” एवढंच म्हणालात आणि आत न येता गेलात. काल ती पानं पाहिल्यावर ह्यांच्या उशाजवळची वही उघडली (अकरा महिने धीर झाला नव्हता). शेवटच्या पानावर पेन्सिलीने काढलेलं कपाट आहे, आतून दिसेल तसं. सगळा काळोख, मधे उजेडाची पट्टी, आणि आत आलेला एक हात. करंगळी वाकडी. तुमचीच. कोंडणारा हात मी अख्ख्या वहीत शोधला, ह्यांनी तो कुठेच काढलेला नाही.

हाताच्या वर फुगा आहे. रिकामा. अक्षरं माझ्यासाठी सोडायचे ना. संपादकबाईंना आज सकाळीच वही दाखवली. त्या म्हणाल्या, शुक्रवारच्या आत शब्द आणा, हसणारं पान काढून हेच छापू. पण दार उघडून तुम्ही काय म्हणालात, ते ह्यांनी मला कधी सांगितलं नाही. आता ते तुम्हालाच ठाऊक. छान काहीतरी रचू नका. “नाक पूस” म्हणाला असाल, तर “नाक पूस”. लिहायला जमलं नाही तर स्वतः या, दार हल्ली मीही लावत नाही. चार-पाच शब्दच मावतील, फुगा लहान आहे. उद्गारचिन्ह घालणार नाही.