तेलाचा हात

उमरगा, शनिवार

प्रिय अर्पिता,

तुझं निमंत्रण पोचलं. कार्ड देखणं आहे. तुझ्या बाबांच्या, हिंमतरावकाकांच्या नावानं जिम्नॅस्टिक्सचं केंद्र, पुढच्या रविवारी उद्घाटन, आणि माजी खेळाडू म्हणून माझी पाच मिनिटं. खाली तू पेनानं लिहिलंयस, 'श्रावस्ती, मुलींना ग्रिप्सची निगा कशी ठेवायची ते सांग, तुझ्याइतकं कुणाला कळतंय?' ते वाचून मी हसले. शाळेत मुलींचा खेळाचा तास घेते ना मी, त्यांनी विचारलं काय झालं म्हणून.

सांगेन की. तळहाताचा घाम आधी पुसा, मग चॉकचं पीठ लावा, तेही पातळ. बचकभर लावलं की गोळे होतात आणि बारवर हात सरकतो. तळव्यावर चढवायच्या ग्रिपच्या चामडी पट्टीवर चॉक थापून बसलं असेल तर तारेच्या ब्रशनं खरवडा. बोटांच्या भोकांशी चीर गेलीय का, चामडं ताणलंय का, ते रोज बघा. दुसरीच्या ग्रिप्स घालू नका, आपल्या देऊ नका. आणि तेल कधीही लावू नका. हे शेवटचं मी तुझ्याकडे बघून सांगणार आहे.

माझ्या पहिल्या ग्रिप्स आल्या तेव्हा आपण नववीत होतो. आई तुमच्याच रानात कामाला होती. तिनं घरी ते कोरडं चामडं बघितलं आणि तात्यांच्या वहाणांना लावायची तसं करडईचं तेल प्रेमानं चोळून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर हॉलवर आली, तर आपले कोच चन्नबसप्पा सरांनी कपाळाला हात लावला. "मावशी, ह्याला तेल लावतेत व्हय? पोरगी निसटंल की बारवरनं." सगळा हॉल हसला, तू सगळ्यात जास्त. तुझ्या आईनं, सत्यभामाकाकूंनी तर तो किस्सा गल्लीभर सांगितला. काकूंच्या बोलण्यात आमच्या जातीचा उल्लेख कसा यायचा, ते तुलाही आठवत असेल. त्यानंतर आईनं माझ्या ग्रिप्सना बोट लावलं नाही. सराव करून आले की पिशवी मीच खुंटीला अडकवायची, ती लांबून बघायची.

दोन वर्षांनी राज्याच्या संघाची निवड चाचणी. दोघींत एकच जागा होती. ग्रिप्स घातल्या तेव्हा चामडं मऊ लागलं, पण माझं नाव पुकारलं होतं. वरून आणखी चॉक लावलं आणि चढले. दुसऱ्याच झोक्याला दोन्ही हात सुटले. मनगट दोन ठिकाणी मोडलं. सरांनी ग्रिप हुंगून सांगितलं, तेल आहे. चाचणी बघायला आलेल्या आईला मी खाली पडल्या पडल्या सगळ्यांदेखत नको नको ते बोलले. तिला अडाणी म्हणाले. ती एवढंच म्हणाली, "म्या हात न्हाय लावला गं बाय." माझ्यासकट कुणाचाच विश्वास बसला नाही. तू माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस आणि म्हणत होतीस, जाऊ दे, त्यांना काय कळतंय.

ती त्यानंतरही मला जेवायला वाढते, आजारी पडले तर उशाशी बसते. पण माझ्या कुठल्याही वस्तूला हात लावायच्या आधी विचारते. माझा रुमाल धुवायचा तरी विचारते. अकरा वर्षं झाली.

मागच्या महिन्यात सरांचं ऑपरेशन झालं, म्हणून भेटायला घरी गेले होते. इरम्माकाकू चहा करायला आत गेल्या आणि सर रडायला लागले. चाचणीच्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत तू माझी पिशवी उघडून बसलेली त्यांना खिडकीतनं दिसली होतीस. हातात बाटली होती. "तुझ्या आईचं नाव निघालं तवा बोलाय पायजे होतं. पर हॉल हिंमतरावांचा होता, माझी जीभ उचलली न्हाय."

मनगटाचं मी एखादवेळी सोडून दिलं असतं. सोळा वर्षांची होतीस, जागा हवी होती. पण ग्रिप ब्लेडनं कापता आली असती, लपवता आली असती. तू तेल निवडलंस. तेल निघालं की बोट कुणाकडे जाईल हे तुला पक्कं ठाऊक होतं. माझ्या आईची एक भाबडी चूक तू दोन वर्षं जपून ठेवलीस आणि वेळ आल्यावर वापरलीस. त्याला माझ्याकडे माफी नाही.

तर रविवारी आम्ही येतोय. आई पहिल्या रांगेत बसेल, सर तिच्या शेजारी. माझ्या पाच मिनिटांतली दोन मी सरांना देणार आहे, त्यांनी कबूल केलंय. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. तिला हे सगळ्या उमरग्याबरोबर, माइकवरून ऐकू दे. तिला नावं ठेवली तेव्हाही सगळे होतेच. कार्यक्रम पुढे ढकललास तर आम्ही तिघं तुमच्या दारात येऊ. मग मी आधी का कळवतेय, असं वाटेल तुला. अचानक बोलले असते तर तुझी एक सकाळ वाईट गेली असती, आणि तेवढं मला पुरणार नव्हतं. माझ्या आईनं अकरा वर्षं काढली. तू आठ दिवस काढ.

रविवारपर्यंत तरी तुझीच,
श्रावस्ती