एक दात आणखी

१ फेब्रुवारी, रविवार

पोचले. गाडी वेळेवर, सामान शाबूत, आणि खोली चक्क पत्रात लिहिली होती तशीच निघाली. असं आयुष्यात फारदा घडत नाही, म्हणून पहिल्याच ओळीत नोंदवून ठेवते.

खोली वरच्या मजल्यावर. एक पलंग, एक टेबल, रस्त्याकडे आडव्या गजांची खिडकी. घरमालकीण माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. मला मावशी म्हणा, म्हणाल्या. छप्पन्नाव्या वर्षी नवी मावशी मिळणं हेही थोडं नव्हे. एका कानाने त्यांना ऐकू येत नाही, दुसऱ्याने सोयीपुरतं येतं.

हमालाने ट्रंक वर आणताना विचारलं, बाई, आत दगड भरलेत का? मी म्हटलं, पुस्तकं. तो म्हणाला, मग दगडच बरे होते.

समोर, रस्त्यापलीकडे विजेचा खांब आहे. तिथून या घरात येणारी तार माझ्या खिडकीच्या डोक्यावर बांधलेली. मधे तिला इतका झोळ आहे की खिडकीत बसलं की ती वरून तिसऱ्या गजापर्यंत उतरलेली दिसते. मावशी म्हणाल्या, बरंच आहे, उंच पाहुणा आला की आपोआप वाकून नमस्कार करतो.

नवी जागा, नवी वही. बदली मी मागून घेतली आहे. उद्या इथल्या वीज डेपोत भांडारपाल म्हणून रुजू व्हायचं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

भांडार नव्हतं, उकिरडा होता. दोन दिवसांत माणसात आणला. तारांची भेंडोळी जाडीप्रमाणे, हातमोजे जोडीने, शिड्या भिंतीला. लाइनच्या टोळीचे मिस्त्री दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, आधीच्या भांडारपालांनी कोळी पाळले होते, तुम्ही त्यांना बेघर केलंत.

तार ताणायची हातयंत्रं सात मिळाली. आम्ही त्यांना नुसतं रॅचेट म्हणतो. तळहाताएवढं दात्यांचं चाक, दोन टोकांना दोन आकडे, एक लांब दांडा. दांडा मागेपुढे करावा, चाक एकेक दात सरकतं, तार ताणली जाते. चाक उलटं फिरू नये म्हणून दर दातात एक लोखंडी जीभ पडते. तिला कामगार कुत्रा म्हणतात, कारण एकदा धरलं की सोडत नाही. कुत्रा पडला की आवाज येतो, कट्.

नियम असा की दर सहा महिन्यांनी प्रत्येक यंत्राला वजन टांगून बघायचं, कुत्रा घसरत नाही ना, आणि मगच भांडारपालाने सही करून हिरवा बिल्ला अडकवायचा. इथे दोन वर्षं कोणी वजन टांगलेलं नव्हतं. मी सातही यंत्रं टांगली. प्रत्येक अर्धा तास. दोन बाद केली. मिस्त्री खूश झाले. म्हणाले, बाई, तुमच्या हाताखालून गेलेलं यंत्र म्हणजे आईने फुंकर घातलेलं दूध.

जेवण गेलं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

जुन्या डेपोतून एक पत्र फिरत फिरत इथे आलं. तिथल्या टोळीतल्या दाजींचं. अक्षर मोठं, शाळेतल्यासारखं. लिहितात, बाई, चौकशीचा निकाल वीस तारखेला आहे. तुम्ही दोन ओळी लिहून पाठवा, की यंत्र घसरतं हे मी तुम्हाला आदल्या शुक्रवारीच सांगितलं होतं. तुमचं अक्षर लोक मानतात.

पत्र घडी करून टेबलाच्या खणात ठेवलं. खण बंद केला आणि आवाज आला. कट्.

खणाचा नव्हे. खण मी पुन्हा दोनदा उघडून बंद करून पाहिला. जुन्या घरात लाकूड बोलतं.

तार आज दुसऱ्या गजापर्यंतच उतरते आहे. रविवारी नजर चुकली असेल. माझी नजर सहसा चुकत नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी एकदा. संध्याकाळी चहाच्या वेळी एकदा. मावशींना विचारलं, काही वाजलं का? त्या म्हणाल्या, नऊ वाजले असतील.

आवाज ट्रंकेतून येतो.

लिहूनच टाकते. वहीशी खोटं बोलायचं तर वही कशाला ठेवायची?

जुन्या डेपोत दोघं मेहुणे एकाच टोळीत होते. धाकटा खांबावर असा चढायचा की त्याला सगळे खार म्हणत. थोरला त्याच्या बहिणीचा नवरा. खार त्याला दाजी म्हणायचा, म्हणून सगळा डेपो दाजी म्हणे. ते जमिनीवर, दांड्याशी. खार वर, ते खाली. नऊ वर्षं.

चार महिन्यांपूर्वी एका शुक्रवारी दाजी भांडाराच्या खिडकीशी आले. म्हणाले, सात नंबरचा कुत्रा घसरतो, बाई, बदलून द्या. माझ्यापुढे माल उतरत होता. मी सगळ्यांदेखत म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. सगळे हसले. खारही हसला.

शनिवारी सहामाही तपासणी होती. यंत्रं अकरा. वजनाची साखळी मागच्या शेडमध्ये, आणि चार वाजून गेले होते. मी टेबलाशी बसून अकरा बिल्ल्यांवर ओळीने सह्या केल्या. एकही यंत्र टांगलं नाही.

सोमवारी नवा खांब उभा करत होते. त्याला धरून ठेवणारी तार सात नंबरने ताणली होती. खार टोकावर होता. कुत्रा घसरला. खांब त्याच्यासकट पडला.

गडबडीत कोणीतरी यंत्र आणून माझ्या टेबलावर ठेवलं. बिल्ल्यावर माझी सही. चौकशीवाले यायला तासभर होता. मी फळीवरचं कोरं यंत्र काढलं, त्यावर सात नंबर ठोकला, त्याला चिखल फासला आणि बिल्ला त्याला अडकवला. चौकशीत ते उत्तम चाललं. चालणारच. मग उरलं एकच कारण, दाजींनी दांडा सोडला.

खरं सात नंबर ट्रंकेत आहे. साड्यांच्या घडीत.

आत्ताच उघडून पाहिलं. दांडा सरळ ठेवला होता. आडवा झाला आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

टाकून आले. सकाळच्या बसने शेवटच्या थांब्यापर्यंत, तिथून चालत जुन्या दगडखाणीपाशी. खाणीत हिरवं पाणी आहे, खोल. पिशवीसकट टाकलं. बुडबुडे थांबेपर्यंत उभी राहिले.

येताना बसमध्ये बसल्याबसल्या झोप लागली. चार महिन्यांत पहिल्यांदा. मावशींनी गच्चीतल्या वाळत घालायच्या दोरीवर मला अर्धी जागा देऊ केली. ही मैत्रीची खूण समजते.

दाजींना काय लिहायचं ते पाहू. निकाल वीसला आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार

कट्.

मी दात घासत होते. ट्रंक रिकामी आहे, झाकण उघडं आहे. तरी आवाज खोलीतच झाला. जवळ.

तार पहिल्या गजाशी. मावशी गच्चीतून तणतणत आल्या. दोरी कोणी एवढी ताणली, माझी चादर फाटली की हो! मी दोरीला हात लावलेला नाही. बोटाने छेडली तर ती वाजली.

पलंगाची पट्टी ताठ झाली आहे. काल पाठ टेकली की बुडत होती, आज फळीवर निजल्यासारखं होतं. ब्लाउजचे हूक लागत नाहीत. मी जाड झालेली नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज मिस्त्रींना तारेबद्दल सहज म्हणून विचारलं. ते म्हणाले, तारेला झोळ हवाच, बाई. माणसाला जशी थोडी सुस्ती हवी. थंडीत तार आखडते, झोळ नसला तर खांबाला ओढते.

मग विचारलं, फार ताणलं गेलं तर? ते हसले. भांडारात तीस वर्षं काढून हे मला विचारता? सैल करायचं. पण ताणलेला कुत्रा असा सुटत नाही, त्याच्यावर भार असतो. सैल करायचं असेल तर आधी एक दात आणखी ताणावं लागतं. तेवढ्यात कुत्रा मोकळा होतो, मग एकेक दात सोडत आणायचं. नवखा माणूस तिथेच घाबरतो. आधीच तुटायला आलेलं, त्यात आणखी कसं ओढू? आणि तसंच धरून बसतो.

मी म्हटलं, मला माहीत आहे.

माहीत होतंच. संध्याकाळी दाजींना पत्र लिहायला बसले. 'आपलं पत्र मिळालं' एवढं लिहिलं. हात पुढे सरकेना. मान वळत नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑफिसात फोन आला. दाजींची बायको. खारची बहीण.

ती रडली नाही. म्हणाली, बाई, मला हो की नाही तेवढं सांगा. ह्यांनी दांडा सोडला का? चार महिने मी ह्यांच्याशी बोललेले नाही. ताट वाढते आणि उठून जाते. ते म्हणतात, मी सोडला नाही. मी म्हणते, मग माझा भाऊ कसा गेला? ज्या दिवशी निकाल लागेल त्या दिवशी मी एक तर ह्यांच्या पाया पडेन, नाही तर घर सोडेन. तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही खोटं बोलणार नाही.

मी म्हटलं, अहवालात आहे ते बरोबर आहे.

ती म्हणाली, बरं. आभारी आहे, बाई.

आभारी आहे.

फोन ठेवताना लागोपाठ झाले. पाच. मी मोजले. मिस्त्रींनी वर पाहिलं नाही. आवाज त्यांना आला नाही, कारण तो माझ्या जबड्याखाली झाला.

घरी आले. तार सरळ आहे. फूटपट्टीने आखल्यासारखी. झोळ नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

खांब झुकला आहे. माझ्याकडे.

मिस्त्रींना घेऊन आले. त्यांनी ओळंबा धरला, एक डोळा मिटला. म्हणाले, बाई, खांब तुमच्यासारखाच आहे, अगदी रेषेत. चष्मा तपासून घ्या.

मी त्यांच्या शेजारीच उभी होते. ओळंब्याची दोरी सरळ होती आणि खांब तिरका होता. दोन्ही मला दिसत होतं.

मावशींनी गरम पाणी आणून मान शेकली. म्हणाल्या, काय हो ही मान, तार आहे की मान! आणि हात मागे घेतला.

१५ फेब्रुवारी, रविवार

भर दुपार. ऊन. खांबाचं टोक रस्त्याच्या मध्यावर आलं आहे.

टोकाशी काहीतरी धरून बसलं आहे. गुडघे पोटाशी घेऊन. चढणारे बसतात तसं.

खिडकी लावून घेतली. गज ताणून बारीक दिसतात. तोंड पुरतं उघडत नाही — चहा बशीतून प्याले.

विचार केला, निकाल लागून जाऊ दे. वीसनंतर सगळं आपोआप सैल होईल —

कट्. कट्.

१६ फेब्रुवारी, सोमवार

कामावर गेले नाही.

तो खिडकीबाहेर आहे. काचेपासून हातभर. काही करत नाही. चिडलेलाही नाही. त्या शुक्रवारी हसत होता तसाच हसतो आहे — माझ्या विनोदाला —

त्याने माझ्याकडे काही मागितलं असतं तर बरं झालं असतं.

बोटं मिटत नाहीत. पेन मुठीत धरलं आहे. तार भिंतीतून आत आली आहे का? आत आहे. मानेपाशी आहे. आकडा कुठे अडकवलाय ते मी बघणार नाही —

धरून बसले आहे मी. नवख्या माणसासारखी.

१७ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळ

आज टपाल गेलं तर वीसच्या आत पोचेल.

वेगळा कागद नको. ही वहीच जाईल. चौकशी अधिकाऱ्यांचा पत्ता पहिल्या पानावर लिहिला आहे. मावशींना लिहून दाखवलं, अकराला पोस्टमन येईल, वर या, टेबलावरची वही त्याला द्या, मला हाक मारत बसू नका. त्या म्हणाल्या, बरी आहेस ना गं? पहिल्यांदा 'गं' म्हणाल्या.

सैल करायचं असेल तर आधी एक दात आणखी.

ताणते.

मी, भांडारपाल, लिहून देते —

सात नंबरचं यंत्र मी तपासलं नव्हतं. अकरांपैकी एकही नाही.

कट् —

देवा — थांबायचं नाही —

दाजींनी मला तपासणीच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं. मी त्यांची थट्टा केली.

चौकशीत दाखवलेलं यंत्र ते नव्हे. बदललं ते मी. खरं यंत्र दगडखाणीत आहे. बसचा शेवटचा थांबा, उगवतीकडचा काठ.

काहीतरी सुटलं. मानेत. एक दात — मागे. हात हलतो आहे.

त्यांच्या बायकोला सांगा — आधी तिला सांगा — मी फोनवर खोटं बोलले. नवऱ्याने दांडा सोडला नाही. शेवटपर्यंत धरला होता. तळहात सोलले होते, मी पाहिलं होतं. ताट वाढून उठू नकोस म्हणावं —

काच वाजते आहे.

तो आत येतोय म्हणून नव्हे. खांब पडतो आहे — मी आता कुत्रा मोकळा केला — धरणारं कोणी नाही —

जिन्यावर मावशी आहेत. वही दाराकडे सरकवते.

सही राहिली. सहीशिवाय माझं कोणी मानणार नाही. सगळं पुन्हा एकदा वाचलं. खरं आहे. या खेपेला वाचून मग स