मितवल्ली, दहा नंबर

बाक्कोस, अलेक्झांड्रिया
१० ऑक्टोबर २००८

चि. वग्दी यास,

थोरल्या बहिणीचे अ. आ. आणि दुरूनच एक टपली. वि. वि. तिकडे कुवेतात तू ठीक असशील असं धरून चालले आहे, कारण तुझं पत्र नाही. फोनवर तू ‘ऐकू येतंय का’ हेच विचारत बसतोस आणि फोन संपतो. शिवाय फोनवर नीट बोलणी ऐकवता येत नाहीत. म्हणून लिहिते.

ईदला रीहाम आणि जावई आले आणि माझ्यासाठी खेळाचं नवं यंत्र घेऊन आले. काळं, चकचकीत, ईदच्या बोकडाइतकं जड. लावलं तर आधी नाव विचारतं, मग जन्मतारीख, मग म्हणतं थांबा, मला स्वतःत सुधारणा करायची आहे. मुलुखियाच्या पालेभाजीचं पातेलं उतू गेलं तरी याची सुधारणा सुरूच. लग्न ठरवताना मितवल्लीनेही माझी इतकी चौकशी केली नव्हती, आणि सुधारणा तर मुळीच केली नाही. फुंकर मारायला कुठे भोकही नाही. बिघडलं तर माणसाने करायचं काय?

तुला आठवतं, पहिलं अटारी आलं तेव्हा चौकोन म्हणजे माणूस आणि त्याहून लहान चौकोन म्हणजे चेंडू. बाकीचं सगळं आपण मनाने भरायचो. मला अजून तेच सगळ्यांत आवडतं, कारण हरलं तरी कोण हरलं ते ओळखू यायचं नाही. मग ते पिवळ्या डब्यांचं आलं. डब्यावर लिहिलेलं हजारो खेळ, आत फिरून फिरून तेच पाच. तुझ्या सेगाबद्दल मी काही बोलत नाही. त्यातले सगळे प्राणी कुठे निघालेत एवढ्या घाईने, हे मला कधीच कळलं नाही.

मी काही मोठी खेळाडू नाही. भेंडी शिजेपर्यंत खेळते. पण शुक्रवारी दुपारी मी आपलं जुनं करडं सोनीच लावते. ते आता उलटं ठेवलं तरच तबकडी वाचतं, आणि खाली एका बाजूला चप्पल सरकवावी लागते. तरी मी तेच का लावते, हे तुला ठाऊक आहे. त्या जपानी फुटबॉलमध्ये मितवल्लीने आपल्या गल्लीचा संघ बनवला आहे. अकरा जण, प्रत्येकाचं नाव, चेहरा, उंची त्याने स्वतः भरलेली. तो स्वतः दहा नंबर. त्याला जाऊन सव्वा वर्ष झालं, पण शुक्रवारी तो धावतो.

आता काम सांगते. ज्या कार्डात तो संघ साठवलेला आहे, ते कार्ड मरायला टेकलं आहे. गेल्या महिन्यात दोनदा ते रिकामंच दिसलं. काढून पुन्हा लावलं तेव्हा संघ परत आला. तिसऱ्यांदा येईल याचा भरवसा नाही. मी नवं कार्ड आणून ठेवलं आहे. पण यादीतली सगळी अक्षरं जपानी. मी अरबी अक्षरं चाळिशीत आपली आपण शिकले, तेव्हा अक्षरांना भिणारी मी नाही, पण ही तर कोंबडीच्या खुराड्याची जाळी दिसतात. दुकानदार म्हणतो त्यालाही आता आठवत नाही. तुला एक अक्षर न कळता सगळ्या ओळी पाठ होत्या. संघ नव्या कार्डात कसा न्यायचा ते कळव. उशीर करू नकोस.

कार्ड गेलं तर तो दुसऱ्यांदा जाईल. एवढंच.

लोभ आहेच, तो वाढव. पोट वाढवू नकोस.
तुझी,
इन्शिराह


कुवेत
२७ ऑक्टोबर २००८

ती. अब्लाच्या सेवेशी,

थोरल्या ताईला धाकट्याचा सलाम. वि. वि. टपली पोचली. सेगाबद्दल जे लिहिलंस त्याबद्दल तुला माफ केलं आहे, कारण तू वयस्कर आहेस. सेगासारखं यंत्र झालं नाही आणि होणार नाही. ते प्राणी घाईत होते कारण त्यांना जेवायला घरी पोचायचं होतं. हे मला नेहमी स्पष्ट दिसायचं.

नव्या यंत्रांबद्दल मात्र तुझं म्हणणं खरं. इथे माझ्या खोलीतल्या सोबत्याकडे एक आहे, त्यात हात हलवून टेनिस खेळतात. दिवसभर लोकांची एसी दुरुस्त करून आल्यावर मला कोणी हात हलवायला सांगू नये.

आता नीट वाच. मुख्य यादीत खालून दुसरी ओळ. ती उघडलीस की आत दोन ओळी दिसतील. वरची म्हणजे कार्डातलं वाच. खालची म्हणजे कार्डात लिही. आधी जुनं कार्ड लावून वरची ओळ. संघ आला की जुनं काढ, नवं लाव, आणि मग खालची. चुकून जुनं कार्ड आत असताना खालची दाबलीस तर एक चौकट येईल. ती विचारते की आहे ते पुसून यावर लिहू का. घाबरू नकोस, फक्त नको म्हण.

भावोजींबद्दल, आपल्या उस्ता मितवल्लींबद्दल, एक तक्रार राहून गेली होती. मला त्यांनी गोलकीपर केलं ते ठीक, पण उंची पाच फूट? मी उडी मारली तरी खांबाच्या निम्म्यावर. आणि स्वतः आयुष्यभर ट्राम चालवलेला माणूस, वेग किती टाकला होता, तर सत्त्याण्णव! मी बोललो तर म्हणाले, ट्राम सरकारची आहे, पाय माझे आहेत.

त्यांच्या दफनाला मला पोचता आलं नाही. निदान हे काम नीट होऊ दे. झालं की लगेच कळव.

दया असावी, निदान पुढच्या पत्रापर्यंत.
तुझा,
वग्दी


बाक्कोस
१४ नोव्हेंबर २००८

चि. वग्दी यास,

अ. आ. वि. वि. गेला. पुसला गेला.

तुझं पत्र मांडीवर ठेवून बसले होते. खालून दुसरी ओळ उघडली. आत गेल्यावर वरची दाबायच्या जागी खालची दाबली गेली. चौकट आली. तू लिहिलं होतंस तसंच विचारलं असणार. मी घाबरले नाही. शांतपणे नको म्हणाले. नको म्हणून वर्तुळाचं बटण दाबलं.

रीहामच्या त्या काळ्या यंत्रात वर्तुळ म्हणजे नको आणि फुली म्हणजे हो. महिनाभर मी त्यावर शेतकाम का काहीतरी खेळत होते, माझ्या अंगठ्याला तेच वळण लागलं. पण त्या जपानी तबकडीत वर्तुळ म्हणजे हो. हे मला वग्दी, आठ वर्षं ठाऊक होतं. अंगठा विसरला. एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे भरत गेली, आणि ती भरेपर्यंत मी बघत बसले, कारण मला वाटलं ते माझं ऐकतंय.

नंतर संघ उघडला. आपल्या गल्लीतल्या माणसांच्या जागी खेळासोबत आलेले कुठले कुठले परके अकरा जण रांगेत उभे. दहा नंबरवर एक पोरगा, डोक्यावर पिवळे केस. त्याचा काही दोष नाही. तरी मी त्याला घरातून निघ म्हणाले.

रीहामला सांगितलं तर ती म्हणाली, मम्मा, खेळ आहे तो, नवीन बनव. मी म्हणाले, बापही नवीन आणू का?  तिचं चुकलं नव्हतं आणि माझंही नव्हतं. असं झालं की भांडायलाही काही उरत नाही.

त्याचे कपडे मी वर्षाच्या आत देऊन टाकले. ट्रामची टोपी आगाराला परत केली. त्या वेळी मला काही झालं नाही. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. आता एका पट्टीसाठी आठवडाभर जेवण जात नाही, हे कोणाला सांगू?

तुझी चूक नाही. तू बरोबर लिहिलं होतंस. जेवत जा.
इन्शिराह


कुवेत
३० नोव्हेंबर २००८

ती. अब्लाच्या सेवेशी,

सलाम. वि. वि. पत्र वाचून मी सोबत्याच्या यंत्रावर एक उशी फेकली. तो विचारत होता काय झालं, मी म्हणालो, बटणांच्या बाबतीत जगाचं एकमत नाही.

अब्ला, संघ पुन्हा बनव. मला बराचसा आठवतो. मी गोलकीपर. बचावात बेकरीवाले बयूमी चाचा, त्यांची ताकद जबरदस्त ठेवली होती, कारण त्यांनी एकदा रुसलेल्या गाढवाला उचललं होतं. डावीकडे औषधांचे दुकानदार सिद्की, कारण ते राजकारणातही डावीकडे. बाकीचे तुला गल्लीत दिसतातच, बाल्कनीतून बघून भर.

उस्तांचे आकडे मात्र मला आठवत नाहीत, तो वेगाचा सोडून. माझं ऐकशील तर सगळेच नव्व्याण्णव टाक. गेलेल्या माणसाच्या बाबतीत हात सैल सोडावा. सगळेच तसं करतात. आणि माझी उंची या वेळी तरी थोडी वाढव.

कृपादृष्टी असावी, माझ्यावर आणि माझ्या उंचीवर.
वग्दी


बाक्कोस
१९ डिसेंबर २००८

चि. वग्दी यास,

अ. आ. वि. वि. बकरी ईद झाली. मांस वाटून झालं, तुझ्या वाटणीचं मी खाल्लं. संघ बनवला. आता नव्या कार्डात आहे. तुझी उंची तीच ठेवली, कारण गल्लीत सगळ्यांनी तुला पाहिलेलं आहे.

त्याचे आकडे भरायला बसले तेव्हा तुझं ऐकून सगळीकडे नव्व्याण्णव टाकले. मग खेळून पाहिलं. चार सामने तो वाऱ्यासारखा पळाला, वाटेल तिथून गोल मारले, आणि मला तो कोणी वेगळाच वाटला. त्या पिवळ्या केसांच्या पोरापेक्षाही परका. त्याने स्वतःला बनवलं होतं तेव्हाही तो असाच होता, पण त्या वेळी फुशारकी त्याची होती. माझ्या हातची फुशारकी म्हणजे नुसता खोटेपणा झाला.

म्हणून परत बसले. वेग एक्कावन्न. डावा पाय, खेळ देईल तितका कमी. चिकाटी चौऱ्याण्णव, कारण आपल्या बाबांनी तीनदा नकार दिला तरी तो चौथ्यांदा आला, आणि तेही तोच एक सदरा घालून. डोक्यावरचे केस काढून टाकले. रीहाम शेजारी बसली होती. ती म्हणाली, बाबांना हे चाललं नसतं. मग थोड्या वेळाने तिनेच हातातून बटणं घेतली आणि उडीचा आकडा आणखी खाली आणला. पोटासाठी त्या यादीत ओळच नाही. तिथल्या लोकांना पोटाची माहिती नसावी. आम्ही दोघी बराच वेळ हसत होतो, आणि रीहामने मध्येच डोळे पुसले, पण तेही हसतच.

आज शुक्रवार. दुपारी सामना लावला. शेवटपर्यंत बरोबरी, आणि अगदी शेवटी आपल्याला पेनल्टी मिळाली. मी त्याला पुढे पाठवलं. बयूमी चाचा होते, सिद्की होते, पण मी त्यालाच पाठवलं. आला रमतगमत. आणि चेंडू मारला तो असा, की खांबावरून गेला, प्रेक्षकांवरून गेला, माझ्या मते समुद्रात पडला.

वग्दी, मी उठून उभी राहिले आणि त्याला जे काही बोलले ते टपालाने पाठवण्यासारखं नाही. लग्नापासूनचं सगळं काढलं. विसरलेली बिलं, भिजलेले मोजे, मला एकटीला टाकून जाणं. जवळजवळ दीड वर्ष ज्याने त्याने येऊन तो किती चांगला होता ते सांगितलं, मीही मान डोलावली. त्याच्यावर मला एकदाही ओरडता आलं नव्हतं. आज घसा बसेपर्यंत ओरडले.

शेजारच्या उम्म सामिहाने बाल्कनीतून हाक मारून विचारलं, कोणाशी भांडतेस गं? मी म्हणाले, मितवल्लीशी. तिने एक चादर झटकली. मग कपडे वाळत घालता घालता म्हणाली, आता काय केलं त्याने?

तुझ्या लोभाची सवय झालेली,
इन्शिराह