खालच्या खणातला अर्ज

बाई, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, पण माझा राग काही गेलेला नाही. आता पन्नाशीला टेकल्यावर मी एम.एड. करतेय. शनिवारी सकाळची शाळा सुटली की नाटे गावाहून एसटीने रत्नागिरी गाठते आणि माझ्या लेकीच्या वयाच्या शिक्षकांशेजारी बाकावर बसते. परवा सरांनी सांगितलं, ज्यांच्याकडून शिकलात अशा मुख्याध्यापकांवर दोन पानं लिहा. सगळे भराभर लिहायला लागले. मी 'आमच्या बाई' एवढंच लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

तुमच्या हाताखाली पहिलीचा वर्ग माझ्याकडे होता. त्यात एक मुलगी गोष्ट अशी सांगायची की अख्खा वर्ग गप्प बसायचा, पण फळ्यावरची अक्षरं उलटीपालटी उतरवायची. हट्टी समजून मी तिच्या हातावर पट्टी मारली होती. अशा मुलांना शिकवायचं कसं, हे मला शिकायचं होतं, म्हणून पुढच्या शिक्षणाच्या परवानगीचा अर्ज तुमच्या हातात दिला. तो वर तुम्हीच पाठवायचा होता. चष्म्यावरून बघत तुम्ही म्हणालात, "कशाला हवंय गो तुला? चांगली शिकवतेस की. तू गेलीस तर पहिली कोण सांभाळणार?" पण अर्ज ठेवून घेतलात. नंतर विचारलं की ठरलेलं उत्तर, "वरून काय आलेलं नाय गो अजून." जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा घरून माझ्यासाठी फणसाच्या रसाची वाळवलेली साठं आणलीत. मी बोटं चाटत खाल्ली. तोवर प्रवेशाची मुदत निघून गेली होती. पुढच्या वर्षीही तेच.

तुम्ही गेलात आणि शाळेचा चार्ज माझ्याकडे आला. टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या मस्टरखाली माझा अर्ज होता. ना तुमची सही, ना जावक नंबर. तोंडावर नाही म्हणाला असतात तर मी भांडले असते हो! तेवढंही ठेवलं नाहीत. वर त्या खुर्चीच्या कामात माझी वर्षं गेली. ती मुलगी आठवीपर्यंत मागच्या बाकावर नुसती बसून राहिली. मागच्या महिन्यात बंदरावर भेटली, मासळीच्या टोपलीशेजारी. मोबाइल पुढे करून म्हणाली, "बाई, काय मेसेज आलाय तो वाचून दाखवा ना." वाचला. घरी येऊन तुम्हाला मनसोक्त शिव्या घातल्या.

हे पत्र घालायला पेटी नाही, आणि असती तरी घातलं नसतं. आमच्या शाळेत आता पहिलीला एक तरुण बाई आहे. मुलं तिला सोडत नाहीत, रडणारी पोरं तिच्या मांडीवर गप्प होतात. सोमवारी तिने अर्ज दिला, तिलाही पुढे शिकायचंय. मी म्हटलं, ठेव, पाठवते. आज शुक्रवार. डबा खाताना तिने विचारलं, "बाई, माझ्या अर्जाचं काय झालं?"

"वरून काय आलेलं नाय गो अजून," मी म्हणाले.

अर्ज खालच्या खणात आहे, बाई.