हुरड्याचा वास

सावेडी, रविवार

प्रिय शौनकदादा,

तू तैवानहून पाठवलेला उंच डोंगरातला चहा आईने पहिल्या दिवशी दूध आणि गवती चहा घालून उकळला. त्यातल्या वळलेल्या गोळ्यांची अख्खी पानं उलगडली तेव्हा म्हणाली, "अगं, ही तर भाजीच झाली." मला रुखरुख लागली. दुसऱ्या दिवशी मी तू सांगितलं होतंस तसा नुसत्या गरम पाण्यात केला. वास आधी फुलांचा आला, मग लोण्याचा, आणि मग एक असा, जो ओळखीचा असूनही सापडेना.

"हुरडा," बाबा म्हणाले. न विचारता परदेशी गेलास म्हणून दोन वर्षं तुझं नाव न घेणारे बाबा माझाच कप उचलून हुंगत होते.

"त्याच पानांवर परत पाणी घालतात," मी भीतभीत सांगितलं.

"मग घाल की."

तिसऱ्या पाण्याला हुरडा गेला आणि गोडी राहिली. साखर नसताना ती येते कुठून, यावर आम्ही बराच वेळ वाद घातला. उठताना ते म्हणाले, "मनवा, मी प्यायलो हे त्याला कळवायचं नाही." मी हो म्हणून बसले, त्यामुळे हे पत्र तुला पाठवता येणार नाही.

आज त्यांनी डबा हलवून पाहिला. "संपत आला की गं," म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले.

संपत आल्याचं कळवायला हरकत नसावी ना? तेवढंच आत्ता मोबाईलवर पाठवते.

तुझी,
मनवा