आमच्या लाँड्रीखालची लाँड्री

तीर्थरूप तोस्काताईस,

धाकट्या इर्माचा नमस्कार. बेल्जियमच्या ओलसर हवेत तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? नातवंडांना माझे पापे दे, आणि त्यांना सांग की इटलीत एक मावशीआजी आहे, ती अजून जिवंत आहे, पण संतापाने केव्हाही जाईल. काल इस्त्री करताना मी नोटरीसाहेबांच्या शर्टाची बाही जाळली, आणि माफी मागायचं सोडून त्यांनाच फैलावर घेतलं. (ते मुकाट्याने दुसरा शर्ट ठेवून गेले. मोठ्या मनाचे आहेत की घाबरट, हे मला अजून कळलेलं नाही.)

आपल्या तळघराची जमीन खचली हे तुला माहीत आहेच. नळवाला आला, त्याने पहार घातली, ती आरपार गेली आणि खालच्या भिंतीवर त्याला एक रंगवलेलं बदक दिसलं. आता शहाण्या माणसाने काय करावं? भोक बुजवावं, माझ्याकडून दोन बाटल्या वाइन घ्यावी आणि घरी जावं. हा गाढव चौकात जाऊन ओरडला. त्यानंतर पुरातत्त्व खात्याची माणसं आली, ब्रश आले, दिवे आले. जिथे आई टोमॅटोच्या बाटल्या ठेवायची तिथून हे लोक दोन वर्षं चमच्याने माती काढत होते. मागच्या अंगाला निघालं रोमन लोकांच्या वेळचं घर, त्यात जेवणाची खोली आणि चारी भिंतींवर बदकंच बदकं. आणि पुढच्या अंगाला, बरोबर आपल्या दुकानाखाली, निघाला कारखाना. कसला, तर धुलाईचा! दगडी हौद, कपडे तुडवायच्या कुंड्या, पाण्याच्या मोऱ्या, सगळं जागच्या जागी. मग त्यांनी दुकानाची फरशी उखडून तिथे जाड काच बसवली. आता गिऱ्हाईक माझ्याशी बोलतं ते पायाखाली बघत. मला आधी आनंदच झाला होता, ताई. मासळीच्या रांगेत उभी राहून मी ज्याला त्याला सांगत सुटले की पाहा, आमच्या जागेवर तेव्हाही कपडेच धूत होते. माझीच जीभ कापून ठेवायला हवी होती.

कारण मग खात्याचे ते डॉक्टर पास्क्वीनी बोलू लागले. (रोग बरे करणारे डॉक्टर नव्हेत, मडकी जोडणारे. पायात सँडल, गळ्यात उन्हाळ्यातसुद्धा मफलर.) दर शनिवारी ते वीस-पंचवीस माणसं घेऊन माझ्या काचेवर उभे राहतात आणि काचेखाली दाराशी पुरलेले मोठे रांजण दाखवतात. रोमन लोकांकडे साबण नव्हता म्हणे. मग पांढरे कपडे पांढरे कसे व्हायचे? तर हे रांजण रस्त्याकडेला ठेवलेले असायचे, येणारा-जाणारा त्यात आपली लघवी करून जायचा, ती चांगली मुरली की तिच्यात कपडे तुडवायचे. एवढं सांगून गप्प बसावं ना! पण नाही. मग ते माझ्याकडे हात करतात आणि मधाळ आवाजात म्हणतात, "आणि या आपल्या सिन्योरा इर्मा. तीच जागा, तेच काम. दोन हजार वर्षांची अखंड परंपरा!" आणि शेवटी त्यांचं बोट वर जातं ते आजीने लावलेल्या पाटीवर: 'पूर्वापार चालत आलेल्या गुप्त घरगुती कृतीने धुलाई'. वीसच्या वीस माणसं पाटी वाचतात, मग खाली रांजण बघतात, मग माझ्यामागे टांगलेले शर्ट बघतात. आणि मग हळूच, एकेक करून, एक पाऊल मागे सरकतात.

आपलं गाव तुला ठाऊक आहे. शनिवारी सांगितलेलं सोमवारपर्यंत बाजारातल्या कोबीलासुद्धा माहीत होतं. फिलोमेनाने मुलीच्या लग्नाचे टेबलक्लॉथ न धुताच परत नेले, वर म्हणते, "इर्मा, मनाला लावून घेऊ नकोस हं, जावयाला ॲलर्जी आहे." हॉटेलवाल्याने चादरी बंद केल्या. तेही मी गिळलं. पण मागच्या आठवड्यात औषधवाल्या सेवेरीनोने निरोप धाडला की यंदा आपल्या गावच्या संताच्या, सान रोक्कोच्या मिरवणुकीचे झगे ओरेस्तेकडे जातील. ओरेस्तेकडे! स्टेशनजवळच्या त्या मशीनवाल्याकडे, जो दुकानाच्या खिडकीत साबणाच्या पावडरचे खोके रचून ठेवतो आणि ज्याला आजवर गावातलं कोणी पायपुसणंसुद्धा दिलं नाही. ताई, सेवेरीनो आता मिरवणूक मंडळाचा प्रमुख आहे. ते पांढरे झगे आजीने धुतले, आईने धुतले, मी धुते. सोळा ऑगस्टला ते चौकातल्या उन्हात आले की लोकांना डोळे मिटावे लागतात, आणि त्या पांढऱ्यावरच आपलं दुकान वर्षभर चालतं. ते गेले तर मला दाराला कुलूप लावून ओरेस्तेच्या नाकासमोरून बाजाराला जावं लागेल. त्यापेक्षा मी त्या रांजणात उडी घेईन.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी खाली उतरले. खरं म्हणजे त्या रोमन धुणाऱ्याला शिव्या द्यायलाच उतरले होते. (दिल्याही. त्याच्या बदकांनाही दिल्या.) पण मग एका कुंडीत पाय घालून पाहिला. तळ झिजून खोलगट झालाय, आणि माझी टाच त्यात नेमकी बसली. तिथे रोज कोणीतरी उभं राहत असणार, घोट्यापर्यंत त्या घाणीत, आणि भिंतीपलीकडे मालक बदकांच्या खोलीत जेवत असणार. आईचे पाय आठवले, संध्याकाळी सुजलेले, तू मिठाच्या पाण्यात धरायचीस ते. मला रडूच आलं. आणि रडू आलं म्हणून अजून राग आला, आणि तशीच ओल्या डोळ्यांनी आणि एका मातकट पायाने मी मंडळाच्या खोलीवर गेले.

तिथे सगळे जमलेले. टेबलावर झगे रचलेले, ओरेस्ते दारात टोपली घेऊन उभा, जणू वरात घेऊन आलाय. मी जे तोंड सोडलं ते मला लिहवत नाही. (सान रोक्कोच्या तसबिरीकडे पाठ केली होती, तेवढं बरं.) मी म्हटलं, लाजा नाहीत वाटत? तुमच्या बाप्तिस्म्याची झबली, तुमच्या बापांचे कफनाचे सदरे आमच्या घरात धुतले गेले! सेवेरीनो उठला, चष्मा पुसला आणि अगदी अदबीने म्हणाला, "सिन्योरा इर्मा, एवढंच सांगा, तुमच्या त्या पाण्यात असतं तरी काय? एक शब्द सांगा, झगे तुमचे."

एक शब्द, ताई. तुला माहीत आहे आपल्या पाण्यात काय असतं. तुला आणि मलाच माहीत आहे. मी ओरेस्तेकडे पाहिलं. तो हसत होता. तो एक शब्द त्याच्यासमोर उच्चारायचा? आजीच्या पाटीखाली तीस वर्षं उभी राहून? माझं डोकं फिरलं आणि मी ओरडले, "जे खाली रांजणात होतं तेच! कळलं? तेच! इतकी वर्षं त्यातच धुतलेले झगे घालून संताची पालखी उचललीत, आणि आता नाकं मुरडता?"

मला वाटलं, संपलं. पण सेवेरीनोच्या डोळ्यांत पाणी! तो थरथरत्या आवाजात म्हणाला, "दोन हजार वर्षं! आणि पलीकडच्या डोंगरावरचे ते लोक त्यांच्या नऊशे वर्षांच्या घंटेची मिजास मारतात!" मग एकच गलका. एकाने माझा हात चुंबला. कोणी म्हणालं, आपल्या पूर्वजांचा ठेवा आहे हा, सिन्योरा इर्माने जिवापाड जपला. ओरेस्तेला टोपलीसकट हाकलून दिलं. झगे दोघांनी उचलून माझ्या घरी पोचवले. दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या चादरी आल्या, फिलोमेनाचे टेबलक्लॉथ आले. (जावयाची ॲलर्जी एका रात्रीत बरी झाली. सान रोक्कोची कृपा, दुसरं काय!)

तू म्हणशील, मग आता राग कशाचा? ह्याचाच! मी स्वच्छ होते तेव्हा ह्या लोकांनी पाठ फिरवली, आणि मूत आहे म्हटल्यावर डोक्यावर घेतलं. आईने आयुष्यभर उभं राहून जे नाव कमावलं, त्याला मान मिळायला रांजण लागला. मला कोणाचं तोंड बघवत नाही, आणि रोज सगळ्यांना हसून नमस्कार करावा लागतो.

भावोजींना नमस्कार सांग. हे पत्र वाचून झाल्यावर चुलीत घाल.

तुझी,
इर्मा

ता. क. – एक नवीन त्रास सुरू झालाय. सकाळी दार उघडावं तर पायरीवर बाटल्या. लोक आणून ठेवतात, मिरवणुकीला आपला हातभार म्हणून. सेवेरीनोची बाटली औषधाच्या दुकानातली असते, बूच घट्ट लावलेलं आणि वर चिठ्ठी: 'सकाळची, उपाशीपोटी'. त्या सगळ्या मी अंगणातल्या लिंबोणीला ओतते. लिंबोणी कधी नव्हे इतकी लगडलीय.

ता. क. २ – आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. तू पाठवतेस ती धुण्याची पावडर संपत आली. आईच्या राखेच्या पाण्याने मला कधी पांढरं जमलं नाही हे तू जाणतेस, तेव्हा ह्या वेळी दुप्पट पाठव, नेहमीसारखीच कॉफीच्या डब्यांतून, आणि सोळा ऑगस्टच्या आत. फक्त लॅव्हेंडरवाली नको, बिनवासाची पाहा. परवा सेवेरीनो पहिला झगा न्यायला आला, त्याने तो डोळे मिटून नाकाशी धरला, खोल श्वास घेतला, आणि बिचाऱ्याचा चेहराच पडला.