माव्याचे मोदक आणि अलमेलूची गाडी

वेस्ट मांबलम, चेन्नई
२ ऑक्टोबर २००७

तीर्थस्वरूप एकोजीराव यांना अनंताचा साष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला, माफी असावी. गणेश चतुर्थीच्या संध्याकाळीच लिहायला बसलो होतो, पण अर्ध्या ओळीत उठावं लागलं, आणि पुढचे तीन दिवस बसलो तो एकाच ठिकाणी. बडोद्याला लेकीकडे तुमचा गुडघा कसा आहे? पाणी उकळून पिता ना? (उकळलेलं झाकून ठेवा. झाकलेलंही रोज बदला.)

तुमच्या माघारी आपल्या मंडळातली सत्तावन्न माणसं एका दुपारी आजारी पडली. आरती बाराला झाली आणि तीनला राघोत्तम पहिला ओकला. चारला हॉलमागच्या दोन संडासांपुढे अशी रांग, की माणसं एकमेकांना वयं सांगून पुढे सरकत होती. व्यंकटेशच्या धाकट्या लेकीला, कीर्तनाला, सलाईन लावावं लागलं (आता बरी आहे, शाळेत जाते). झालं असं, की माव्याचे मोदक आदल्या संध्याकाळी वळून डब्यात भरले. हॉलच्या फ्रिजमध्ये कोणाचा तरी कांदा-लसूण होता, तिथे नैवेद्य कसा ठेवायचा? म्हणून डबा रात्रभर देवापाशीच राहिला, पंखा बंद, समई चालू. नैवेद्य आधी चाखायचा नसतो, म्हणून चाखला नाही. प्रसाद नाकारायचा नसतो, म्हणून ज्यांना आंबूस लागला त्यांनीही डोळे मिटून गिळला. टाकायचा नसतो, म्हणून तपासायला एकही उरला नाही.

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्यातल्या बाई वही घेऊन आल्या. काय खाल्लंत? आता प्रसाद बाधला असं कोण म्हणणार? रविकांत म्हणाला, कोपऱ्यावर इडली खाल्ली. लगेच सगळ्यांना इडली आठवली. जयतीर्थांनी तर (त्यांचा कडक उपास होता) दोन इडल्या आणि चटणी लिहून दिली. झालं, चौकशी संपेपर्यंत कोपऱ्यावरच्या अलमेलूची गाडी बंद. तिची तीन माणसांची चूल त्या गाडीवर चालते. काल रस्त्यात मला "अय्या" अशी हाक मारून अडवलं नि म्हणाली, "माझी इडली वाफेतून येते. तुमचे मोदक कुठून आले?"

मी सातवी शिकलेला आणि भित्रा माणूस, तुम्हाला माहीत आहे. तरी आरोग्य खात्यात जाऊन दोन दिवस बाकावर बसलो. बाईंनी समजावलं, की मावा उकाड्यात राहिला की त्यात जंतू वाढतात, ते विष सोडतात, आणि ते विष नंतर उकळूनही जात नाही. वास-चव दरवेळी बिघडतेच असंही नाही. तेव्हा मोदक चाखले असते तरी कळलंच असतं असं नाही, फक्त मी तीन तास आधी पडलो असतो. मंडळाने खरं लेखी दिलं की गाडी सुटेल. कमिटी म्हणते, देवाची बदनामी होईल. मी म्हटलं, देवाने एकही मोदक खाल्लेला नाही, त्याला यात ओढू नका. चौदा तारखेच्या सभेत हा विषय मी काढणारच. मला बाहेर काढलं तर दारातून बोलेन.

आपला,
अनंत

ता. क. कमिटी माझं ऐकत नाही, तुमचं ऐकते. मोदकांनीच बाधा झाली असं तुमच्या सहीचं पत्र सभेत वाचायला हवं. त्यासाठीच हे सगळं लिहिलं.

आणखी ता. क. बाईंनी एक गोष्ट विचारली, ती वर लिहायला हात धजला नाही. मोदक वळणाऱ्या कोणाचं बोट पिकलं होतं का? असे जंतू बहुधा तिथूनच जातात. मोदक मी वळले. अंगठ्यात पू झाला होता, आणि देवाच्या कामात पट्टी बरी दिसेना म्हणून काढून ठेवली होती. बाईंना तिथेच सांगितलं (पण सगळ्यांनी इडली लिहून दिलेली, एकट्याच्या सांगण्यावर गाडी सुटत नाही). घरी हेमलतेलाही सांगितलं (ती चार दिवस बोलली नाही, पाचव्या दिवशी बोलली, पहिले चार बरे होते). पण कीर्तनाच्या आईसमोर माझ्याने ते वाक्य पुरं होणार नाही. म्हणून तुमच्या पत्रात माझं नाव घाला, आडनावासकट, म्हणजे वाचणाऱ्याला गाळता येणार नाही. मी पहिल्या रांगेत बसेन. अलमेलूला चौदा तारखेचा शब्द दिला आहे. बारा तारखेपर्यंत उत्तर पोचू द्या. तार केलीत तरी चालेल, पण कळवा.